शर्टाच्या मानेवरचं लेबल: शिवणकाम देशोदेशी का फिरतं?

सुईदोरा

मी मूळचा इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. वस्त्रोद्योगाची पदविका घेतली आणि गेली अकरा वर्षं बांगलादेशात, ढाक्याजवळ गाझीपूरला, तयार कपड्यांच्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनियर आहे. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन शिलाईच्या लाइनीशेजारी उभं राहायचं आणि कोणत्या शिलाईला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सुट्टीत घरी आलो की एक प्रश्न हमखास येतो, "तिकडे एवढं स्वस्त कसं शिवतात रे?" मजुरी कमी, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धंच खरं आहे, म्हणून हा धागा.

आधी एक प्रसंग. टी-शर्टच्या गळ्याला जी गोल पट्टी असते तिला आम्ही नेक रिब म्हणतो. ती गळ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी आखूड कापतात. ऑपरेटर ती डाव्या हाताने ओढत ओव्हरलॉक मशीनच्या पायाखाली सरकवते, म्हणजे शिवून झाल्यावर गळा अंगाशी बसतो. सगळीकडे सारखी ओढून चालत नाही. मागे कमी, पुढच्या खोलगट भागात जास्त. कमी पडली तर गळा लोंबतो, जास्त झाली तर चुण्या पडतात. मी नवीन होतो तेव्हा हे काम कागदावर उतरवायला बसलो, कुठे किती ओढायची त्याचे आकडे काढायचे म्हणून. लाइनीवरच्या सगळ्यात जुन्या आपांना विचारलं (तिकडे वयाने मोठ्या बाईला आपा म्हणतात). त्यांनी मशीन थांबवलं, माझा हात धरून रिबवर ठेवला आणि म्हणाल्या, "कापड नको म्हणतं ना, तिथे थांबायचं." आपांचा एक गळा अर्ध्या मिनिटात होतो. मी दोन दिवस बसलो आणि ढीगभर गळे बिघडवले. माझा कागद कोराच राहिला. पण दर ठरवताना याच कामाला "कुणीही आठवड्यात शिकेल" म्हणतात, आणि माझा सगळा राग तिथे आहे.

आता हे काम इथवर आलं कसं? महायुद्धानंतर एकेका डॉलरचे जपानी ब्लाउज अमेरिकेत विकले जाऊ लागले. तिथल्या कारखानदारांनी ओरड केली, तेव्हा जपानला "आपणहून" निर्यात आवरायला लावली. मग तोच माल हाँगकाँगहून येऊ लागला. त्यांना आवरलं तर तैवान, कोरिया. शेवटी १९७४ साली मल्टी-फायबर करार झाला. कोणत्या देशाने कोणत्या जातीचे किती कपडे पाठवायचे, सगळ्याचा कोटा बांधला. हेतू होता श्रीमंत देशांतले कारखाने वाचवायचा. झालं असं, की कोरियाचा कोटा भरला की कोरियन कारखानदार कोटा नसलेला देश शोधायला निघायचा.

असा शोधत तो बांगलादेशात आला. चट्टोग्रामच्या (म्हणजे चितगावच्या) देश गारमेंट्स या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ साली १३० माणसं बुसानला सहा महिने शिकायला पाठवली. कंपनीचे संस्थापक नुरुल कादेर हे माजी सनदी अधिकारी. शिकून आलेल्यांपैकी बहुतेक जण पुढच्या काही वर्षांत बाहेर पडले, कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याला उभा करून दिला. सरकारने दोन सोयी केल्या. परदेशी गिऱ्हाइकाच्या एलसीच्या (म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्राच्या) जोरावर कापडाची एलसी उघडता यायला लागली, म्हणजे खिशात भांडवल नसलं तरी चालेल. आणि आयात कापड कर न भरता बाँडेड गोदामात ठेवून, शिवून परत पाठवता यायला लागलं. कापूस नाही, तेव्हा गिरण्याही फारशा नव्हत्या, आणि आज चाळीस लाखांच्या आसपास माणसं या धंद्यात आहेत. देशाच्या निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा.

तेव्हा कारखाना इथे पोचला तो कोट्याच्या कायद्याने, आणि टिकला तो कमी मजुरीवर आणि आपांसारख्यांच्या हातावर. तुमच्यापैकी कुणाचा या धंद्याशी संबंध आला असेल तर जरूर लिहा.

लालबागची नात

दादा, नेक रिबचं वाचून हातातला टी-शर्ट उलटा करून बघितला. इतकी वर्षं घालते, कधी लक्ष गेलं नव्हतं.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला आणि ते परत कामावर गेलेच नाहीत. आमच्या गिरण्याही अशाच बांगलादेश-चीनला गेल्या असं चाळीत सगळे म्हणतात. ते खरं आहे का?

सुईदोरा

नाही, आणि हा गोंधळ पुष्कळांचा होतो. गिरणीत कापड व्हायचं. ते विणकाम संपाच्या आधीपासूनच भिवंडी, मालेगाव आणि आमच्या इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकत होतं. संपात ते बरंचसं तिकडेच गेलं. काही गिरण्या तर आपलाच माल मागांवर विणून घेऊन त्यावर आपला छाप मारत होत्या. माझे वडील असा माल विणायचे, हे तुमच्या आजोबांच्या नातीला सांगताना जड जातंय, पण खरं ते सांगायला हवं.

परदेशी फिरते ती शिलाई. फरक कापडाच्या स्वभावात आहे. माग एकदा लावला की एक माणूस चार, आठ, पुढे तर कितीतरी जास्त माग बघू शकतो. शिलाई मशीनसमोर मात्र दीडशे वर्षांपूर्वीही एक माणूस बसायचा आणि आजही एकच बसतो.

लालबागची नात

मन मोकळं केलंत, बरं वाटलं. आजोबा मागवाल्यांना दोष देत नसत, तेही पोटासाठीच करतात म्हणायचे.

शिलाईशी आमचाही संबंध आहे, आत्ता लक्षात आलं. संपानंतर घर आईने चालवलं. लोअर परळच्या एका गाळ्यात एक्स्पोर्टचे कपडे शिवायचे, तिथून ती गाठोडं घरी आणायची, धागे कापायला. शिलाईची टोकं लोंबत असतात ती छोट्या कात्रीने बुडाशी कापायची, कापड न कापता. डझनावर पैसे. आम्ही तिघी बहिणी शाळेतून आलो की हातपाय धुऊन गाठोड्याभोवती बसायचो. रात्री जमिनीवर रंगीत धाग्यांचा थर व्हायचा आणि जेवणात हटकून एखादा यायचा. एकदा माझ्या कात्रीने एका ब्लाउजला भोक पडलं. त्या आठवड्याच्या पैशांतून ते कापून घेतलं. आईने मला एक शब्द बोलला नाही, पण पुढे महिनाभर माझ्याकडे कात्री दिली नाही, फक्त घड्या घालायला लावल्या. नव्वदच्या सुमारास गाळा बंद झाला. मालक बेंगळुरूला गेला म्हणाले.

सोलापुरी

उत्तम चर्चा. माझं सोलापुरात युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, तीस मशीन. लालबागच्या ताईंनी सांगितलं त्या काळात मुंबई ही तयार कपड्यांच्या निर्यातीची मोठी पेठ होती आणि कोटा आपल्यालाही लागू होता. वडील सांगायचे, ज्याच्याकडे कोटा आहे पण ऑर्डर नाही तो कोटा विकायचा, आणि घेणारा त्यासाठी डझनामागे पैसे मोजायचा. शिवणाऱ्या बाईपेक्षा कोट्याच्या कागदावर जास्त सुटायचे.

बांगलादेश पुढे का गेला याचं आणखी एक कारण आपल्याच घरात आहे. तयार कपड्यांचा धंदा आपल्याकडे लघुउद्योगांसाठी राखीव होता. मोठा कारखाना काढायचीच बंदी. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणात हे राखीवपण उठवायचं ठरलं. तोपर्यंत वीस-पंचवीस मशीनचे गाळेच गाळे. तिकडे त्याच काळात एकेका छताखाली हजार-दोन हजार मशीन लागली. मोठ्या गिऱ्हाइकाला एका रंगाचे लाखभर नग हवे असतात, ते वीस गाळ्यांत फिरवून एकसारखे होत नाहीत. माझ्यासारख्या छोट्याला त्या राखीवपणाने जगवलं हेही खरं आहे, तेव्हा मी ते सरसकट वाईट म्हणणार नाही.

अनघा, टेक्सास

नमस्कार. मी एल पासोला राहते, मेक्सिकोच्या हद्दीवर. एकेकाळी इथे जीन्स शिवण्याचे इतके कारखाने होते की शहर जीन्सची राजधानी म्हणवून घ्यायचं. आता त्यांतले बहुतेक गेले.

शेजारच्या आजींनी एका कारखान्यात वीसेक वर्षं मागचा खिसा लावला. फक्त मागचा खिसा, दुसरं काही नाही. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरात वाकलेली आहे ती सरळ होत नाही. त्या तिचा उल्लेख "माझा खिसा" असा करतात. १९९४ ला मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार लागू झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचा कारखाना बंद झाला. निघून गेलेल्या कामापायी नोकरी गेलेल्यांसाठी सरकारी योजना होती. त्यात त्यांना इंग्रजीच्या वर्गात बसवलं. पन्नाशीची बाई, जन्मभर स्पॅनिश बोललेली. वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळालं, काम मिळालं नाही. "वीस वर्षांत मला काय येतं हे कुणी विचारलंच नाही," असं त्या मला म्हणाल्या, ते मी विसरू शकत नाही. आजही माझ्या मुलांच्या फाटक्या पँटी त्याच दुरुस्त करतात. असा खिसा लावतात की शोधून सापडत नाही.

जीन्सचं काम इथून मेक्सिकोतल्या तोरेओनच्या बाजूला गेलं. काही वर्षं तिथे भरभराट होती. चीन २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि मग तिथूनही पुष्कळ निघून गेलं.

सुईदोरा

अनघाताई, आजींना माझा नमस्कार सांगा. मागचा खिसा हे जीन्समधलं कठीण काम. दोन्ही खिसे एका उंचीवर नसले तर माणूस वाकडा दिसतो.

तुमच्या गावाबद्दल एक गोष्ट कदाचित उपयोगी पडेल. अमेरिकेच्या जकातीत १९६३ पासून ८०७ नावाचं कलम होतं. कापड अमेरिकेत कापायचं, तुकडे मेक्सिकोला किंवा कॅरिबियन बेटांवर पाठवून शिवायचे, परत आणताना जकात फक्त तिकडे वाढलेल्या किमतीवर, म्हणजे जवळपास मजुरीवरच. कात्री इकडे आणि सुई तिकडे, ही फाळणी कायद्यानेच केली. जर्मन कंपन्यांनी युगोस्लाव्हिया, पोलंडशी तसंच केलं. १९९० च्या सुमारास अमेरिकेत कपडे शिवणारे नऊ लाखांच्या घरात होते, २०११ ला दीड लाखाच्या आसपास राहिले. यातलं फार थोडं "आपोआप" झालंय.

कांदेवाडी

एक वेगळी बाजू मांडतो, कारण ती कुणी मांडली नाही. जपान, हाँगकाँग, कोरिया, तैवान सगळे शिलाईपासूनच वर चढले. आज कोरियात शर्ट शिवत नाहीत, जहाजं आणि चिप्स करतात. बांगलादेशच्या खेड्यातली मुलगी शेतावर राबली असती किंवा पंधराव्या वर्षी लग्न झालं असतं. तिच्या हातात पगार आला. एल पासोच्या आजींचं दुःख खरं आहे, पण त्या बदल्यात चाळीस लाख घरांत चूल पेटली. मग हे वाईट कसं?

सुईदोरा

मी वाईट म्हटलेलंच नाही. मी स्वतः त्यावर जगतो. आणि तुमचं बरंचसं पटतं. लाइनीवरच्या कितीतरी मुली रंगपूर, मयमनसिंहच्या खेड्यांतून येतात आणि लग्न लांबवण्यासाठी आले असं स्वतःच सांगतात. महिन्याच्या सात-आठ तारखेला मोबाइलवरून घरी पैसे पाठवायला त्या जेवणाच्या सुट्टीत घोळका करून बसतात. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी नाकारणार नाही.

माझं म्हणणं दराबद्दल आहे. हिशेब मांडतो, तुम्हीच बघा. बांगलादेशात या धंद्यातलं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका आहे. (१९९४ ला ९३० होतं, २०१३ ला ५,३०० झालं, २०१८ ला ८,०००. दर वेळी रस्त्यावर उतरून मिळालेलं.) महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर तासाला ६० टका. म्हणजे मिनिटाला एक टका. ऑपरेटरला याहून थोडं जास्त मिळतं, पण हिशेबाला हे सोपं.

साध्या टी-शर्टच्या शिलाईची मिनिटं आम्ही पाच-सहा धरतो. लाइन कधीच शंभर टक्के चालत नाही, सुई मोडते, बंडल उशिरा येतं, म्हणून दुप्पट धरा. बारा मिनिटं, बारा टका. डॉलरमध्ये साधारण दहा सेंट. पगार उद्या दुप्पट केला तर त्या टी-शर्टवर आणखी दहा सेंट चढतील. दुकानात तो दहा डॉलरला लागलेला असतो. दहा सेंटसाठी तो घेणारा माणूस दुकानातून परत जाईल, असं मला वाटत नाही.

सोलापुरी

हिशेब बरोबर आहे, पण दादा, धंद्यात बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो. ते दहा सेंट दुकानदाराच्या खिशातून जात नाहीत, ते माझ्या दरातून जातात. गिऱ्हाईक म्हणतं, शेजारच्या देशात दोन सेंट कमी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा तिरुप्पूरमधल्या माझ्या मेव्हण्याला पहिली मेल आली ती "करातला वाटा तुम्ही उचला" अशी. बांगलादेशवर तेव्हा २० टक्के होता. तयार मालाची खोकी बांधून पडलेली. त्याने लाइनीतल्या बायकांना काढलं नाही, अर्धे दिवस बोलावलं. त्यासाठी घरातलं सोनं मोडलं.

ठाण्याचा विणकर

मग गिऱ्हाईक स्वस्तात स्वस्त देशाकडेच जातं म्हणावं, तर इथिओपियाचं उदाहरण बघा. हवासा इथे २०१६ ला सरकारने मोठं औद्योगिक संकुल उघडलं. किमान वेतनाचा कायदाच नाही. २०१९ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्राने तिथल्या सुरुवातीच्या पगाराचा आकडा काढला, महिना २६ डॉलर. मोठमोठे पाश्चात्त्य ब्रँड गेले. आमच्या ठाण्याच्या रेमंड समूहानेही तिथे कारखाना काढला. अमेरिकेत आफ्रिकी मालाला जकात माफ होती, ते मोठं आकर्षण. पण त्या पगारात शहरात भाडंही निघत नाही. मुली शिकायच्या आणि सोडून जायच्या, म्हणून हात बसायचेच नाहीत. नंतर उत्तरेत युद्ध पेटलं, अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून जकातमाफी काढून घेतली, आणि आलेले काही ब्रँड तसेच निघून गेले.

सगळ्यात स्वस्त देशात धंदा जमला नाही, ही गोष्ट मला या विषयात सगळ्यात बोलकी वाटते. कापड नको म्हणतं तिथे थांबायला शिकायला वर्षं लागतात, आणि २६ डॉलरमध्ये वर्षभर कुणी टिकत नाही.

सुईदोरा

+१. अगदी हेच.

मीनल

मला रोबोटबद्दल विचारायचं होतं. पाच-दहा वर्षांत हे सगळं मशीनच शिवेल ना? मग हा प्रश्नच उरणार नाही.

सुईदोरा

कापणं, खिशाची पट्टी, बटणाचं काज, ही कामं मशीन आजही करतात. अडतं ते मऊ कापड उचलून, दोन थर जुळवून, वळवत नेण्यात. पत्रा हातात धरला की तसाच राहतो, बनियनचं कापड राहत नाही. अदिदासने जर्मनीत आणि अमेरिकेत बुटांचे यंत्रमानवी कारखाने काढले होते, २०१९ ला ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि बूट तर कापडाच्या मानाने ताठ. पुढचं मी सांगू शकत नाही, पण स्टॉपवॉच घेऊन उभा आहे तोवर तरी गळ्याची रिब हातानेच लागताना बघतोय.

मोका

नमस्कार. मी मॉरिशसची मराठी आहे. माझे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यावर आले. मराठी शाळेत शिकले, लिहिताना चुका झाल्यास सांभाळून घ्यावे.

आपण सर्व जण कारखाना येतो किंवा जातो असे लिहीत आहात. आमच्या लहानशा बेटाने दोन्ही पाहिले. १९७० साली निर्यात क्षेत्राचा कायदा झाला. हाँगकाँगचे व्यापारी आले, कारण त्यांचा स्वतःचा कोटा भरत होता, आणि १९७५ च्या लोमे करारामुळे आमचा माल युरोपात जकातीशिवाय जात होता. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मेंढ्या नाहीत, तरी लोकरीच्या स्वेटरच्या निर्यातीत आमचे बेट जगात पुढे होते.

माझी आई वाक्वा येथील एका कारखान्यात लिंकिंगचे काम करीत असे. स्वेटरची कॉलर अंगाला जोडायची ती शिवत नाहीत. एक गोल चकती असते, तिच्या कडेला बारीक दात असतात, आणि स्वेटरचा प्रत्येक टाका हाताने एकेका दातावर चढवावा लागतो. एक टाका जरी सुटला तर कॉलर तिथून उसवत जाते. आई सकाळी साडेसातला बसे. संध्याकाळी घरी आल्यावर ती दिवा न लावता अंधारात थोडा वेळ बसून राही, डोळे शांत व्हावेत म्हणून. आम्हाला वाटे, ती रागावली आहे. त्या पगारातून आमचे घर सिमेंटचे झाले, मी विद्यापीठात गेले. तिच्या पिढीपूर्वी आमच्या घरातल्या कोणत्याही स्त्रीने पगार पाहिला नव्हता.

१ जानेवारी २००५ रोजी जगातील सगळे कोटे संपले. हाँगकाँगवाल्यांना आता आमची गरज उरली नाही. आईचा कारखाना बंद झाला. आमच्या मॉरिशसच्या कंपन्यांनी मादागास्करमध्ये आणि बांगलादेशात कारखाने काढले. आणि जे कारखाने येथे उरले, त्यांत शिवायला बांगलादेशातून माणसे येतात. आईच्या जुन्या रस्त्यावर आता त्यांची वसतिगृहे आहेत. रविवारी ते मैदानात क्रिकेट खेळतात. आई त्यांच्यासाठी आंब्याचे लोणचे पाठवते. तिला त्यांची भाषा येत नाही, पण डोळे चोळण्याची खूण तिला ओळखता येते.

लालबागची नात

मोकाताई, तुमच्या मराठीत चूक सापडली नाही. आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी आईसुद्धा धागे कापून झाले की दिवा मालवायला सांगायची.

अनघा, टेक्सास

हे सगळं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये आजींना सांगितलं. त्यांनी लिंकिंगबद्दल तीनदा विचारलं. टाके दातावर चढवतात म्हणजे नेमकं कसं, सुईने की नखाने?

मोका

आईला विचारले. नखाने. डाव्या अंगठ्याचे नख ती त्यासाठी वाढवीत असे.

मीनल

सुईदोरा, राणा प्लाझाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मुद्दाम टाळलंत का?

सुईदोरा

टाळलं, कारण मी तेव्हा तिथे नव्हतो. मी आलो तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जे सर्वांना माहीत आहे तेवढंच सांगतो. ढाक्याजवळच्या सावारची आठ मजली इमारत, पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. खाली बँक होती, तिने आपल्या माणसांना घरी पाठवलं. कारखान्यातल्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, आणि सकाळी नऊच्या आत इमारत बसली. ११०० हून जास्त माणसं गेली. त्याच्या पाचच महिने आधी ताझरीन या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत शंभराहून जास्त गेली होती. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली, आणि दाराला कुलूप होतं. त्यानंतर न्यूयॉर्कने आगीचे कायदे कडक केले. शंभर वर्षांनी काम दुसरीकडे पोचलं तेव्हा कायदे मागेच राहिले होते.

२०१३ च्या मे महिन्यात ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये अकॉर्ड नावाचा करार झाला, कोर्टात टिकेल असा. त्याने दीड हजारावर कारखाने तपासले. त्याचा परिणाम मी रोज बघतो. आमच्या मजल्यावर कापडाचे गठ्ठे किती उंच आणि कुठे रचायचे याच्या पिवळ्या रेघा आहेत, इमारत किती वजन पेलते त्याचा फलक आहे, जिन्याची दारं बाहेर उघडतात आणि त्यांना कुलूप लागतच नाही. या रेघा कुणी ओलांडल्या की जुन्या आपा ओरडतात. त्यांची धाकटी बहीण सावारला होती.

सोलापुरी

दादा, माफ करा, पण एक व्यवहाराचं विचारतो. तुम्ही मिनिटांचा हिशेब सांगितलात तसा मी माझ्या बायकांसाठी लावू शकतो का? मी डझनावर देतो. शर्टाची कॉलर लावणारी आणि बाही दुमडणारी, दोघींना जवळपास सारखंच पडतं. कॉलरवाली तीनदा सोडून गेली आणि मला कारण कळत नव्हतं. आता कळलं असं वाटतंय.

सुईदोरा

नक्की लावता येईल. दोघींचे दहा-दहा नग घड्याळ लावून मोजा, त्यांना सांगून मोजा, चोरून नको. दहापैकी पहिले दोन सोडून द्या, हात बसायला वेळ लागतो. सरासरी काढा आणि वर पंधरा टक्के विश्रांतीचे धरा. कॉलर लावणं आणि बाही दुमडणं यांत वेळेचा फरक मोठा निघेल. दर त्या प्रमाणात करा. फोटो आणि आकडे पाठवलेत तर तक्ता मी करून देतो, पैसे नकोत.

आणखी एक सांगायचं होतं. रिब शिकवणाऱ्या त्या आपांची मुलगी आमच्याच लाइनीवर होती. गेल्या वर्षी ती जॉर्डनला गेली, इर्बिदच्या औद्योगिक वसाहतीत. जॉर्डनचा अमेरिकेशी मुक्त व्यापार करार आहे, २०२५ चे नवे कर येईपर्यंत तिथून माल गेला की जकात नव्हती. तिथे शिवणारे बहुतेक बाहेरून आणलेले, त्यांत बांगलादेशी बायका खूप. कारखाना इथून हलवायच्या ऐवजी हात हलवले. काल तिचा व्हिडिओ कॉल आला होता, आपांनी मला बोलावून दाखवला. तेच ओव्हरलॉक, त्याच कंपनीचे टी-शर्ट, गळ्याला रिब. तिने कॅमेऱ्यासमोर एक गळा लावून दाखवला. आपा म्हणाल्या, पुढच्या वळणावर घाई करतेस. तिने तो उसवला आणि परत लावला.